गावचे रस्ते आणि जीआयएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सरपंचांसाठी आहे, ग्रामसेवकांसाठी आहे, प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्या सिव्हिलच्या पोरापोरींसाठी आहे, आणि रस्त्याखालच्या एका मोरीसाठी तालुक्याला चकरा मारून दमलेल्या सगळ्यांसाठी आहे. प्रश्न ट्रेनिंगला, फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली, कारण मी इथंच काम करते.

गुगल मॅप आहे की मोबाईलमध्ये, मग हे जीआयएस वेगळं काय?

गुगल मॅप तुम्हाला असलेल्या रस्त्यानं नेतो. आपल्याला शोधायच्या असतात रस्ता नसलेल्या जागा.

जीआयएस म्हणजे जिओग्राफिक इन्फर्मेशन सिस्टिम, कॉम्प्युटरवरचा माहितीसकट नकाशा. त्यात प्रत्येक रेषेच्या मागं एक तक्ता असतो, म्हणजे नकाशावर एक रस्ता काढला की त्याला चिकटून त्याची माहिती बसते, ग्रामीण मार्ग आहे की इतर जिल्हा मार्ग, किती लांब, डांबर आहे की मुरूम, शेवटचं काम कधी झालं, मोऱ्या किती. वस्तीचा ठिपका असेल तर त्याच्या मागं लोकसंख्या, दवाखान्याच्या मागं बाळंतपणाची सोय आहे का नाही, असं सगळं. मग तुम्ही कॉम्प्युटरला विचारू शकता की जून ते सप्टेंबरमध्ये गाडीनं दवाखान्यापर्यंत पोचता न येणाऱ्या वस्त्या दाखव, आणि तो दाखवतो, अर्थात तुम्ही माहिती नीट भरली असेल तर.

कागदावरचे नकाशे होतेच ना इतकी वर्षं? त्यावर रस्ते झालेच की.

झाले, आणि ज्यांनी केले त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. देशाचा पहिला मोठा रस्ते आराखडा १९४३ ला नागपुरात ठरला, मग १९६१ ते ८१ आणि १९८१ ते २००१ असे वीस-वीस वर्षांचे आराखडे आले, आणि आज आपण जे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग म्हणतो ती उतरंड त्यातूनच पक्की झाली. पण ग्रामीण मार्गापर्यंत येईस्तोवर आराखडा पातळ व्हायचा, आणि रस्ता एकेकटा मागितला जायचा, ज्याचा जोर त्याचा रस्ता, मग एका गावाला तीन बाजूंनी डांबर आणि शेजारच्या पाड्याला पायवाट.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा देशभर अशी अट आली की आधी जिल्ह्यातले सगळे ग्रामीण रस्ते नकाशावर आणा, त्यातून प्रत्येक पात्र वस्तीला निदान एक बारमाही जोड मिळेल एवढंच जाळं निवडा, त्याला कोअर नेटवर्क म्हणायचं, आणि पैसे त्या जाळ्यातल्या रस्त्यालाच. माझ्या मते ग्रामीण रस्त्यांच्या बाबतीत आपल्याकडं झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, कारण एका रस्त्याऐवजी आख्ख्या जाळ्याचा विचार सुरू झाला. असं जाळं कागदावर दरवर्षी दुरुस्त करत बसणं कठीण, जीआयएसमध्ये ते शक्य होतं.

याच योजनेच्या २०१९ च्या तिसऱ्या टप्प्यात सव्वा लाख किलोमीटरचं उद्दिष्ट होतं, आणि त्यात गावं बाजाराला, उच्च माध्यमिक शाळेला, दवाखान्याला जोडणारे मोठे रस्ते सुधारायचे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला चौथा टप्पा परत न जोडलेल्या वस्त्यांकडं आलाय, २५,००० वस्त्या आणि ६२,५०० किलोमीटर. त्यामुळं तुमच्याकडं एखादी वस्ती राहिली असेल तर नकाशाचं काम आत्ता करा.

आमच्याकडं एक जुना लॅपटॉप आहे आणि पैसे नाहीत. जमेल का?

जमेल. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर तालुक्यापुरतं काम आरामात होतं. फिल्डवर मोबाईलसाठी क्यूफिल्ड आहे, तेही फुकट. खर्च होतो तो पेट्रोलचा आणि चालण्याचा.

डेटा कुठून आणायचा?

पहिल्यांदा जिओसडक बघा. ग्राम सडक योजनेचा जीआयएस डेटा केंद्रानं २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, त्यात ८ लाखांच्या वर सुविधांची ठिकाणं आहेत, शाळा, दवाखाने, बाजार, बँका वगैरे, आणि १० लाखांच्या वर वस्त्या. मग ओपनस्ट्रीटमॅप, जे लोकांनीच काढलेलं असतं म्हणून कुठं फार छान तर कुठं पूर्ण कोरं. उपग्रहाची चित्रं इस्रोच्या भुवनवर मिळतात. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे आहेत, डोंगर, ओढे, जुन्या गाडीवाटा बघायला उत्तम. गटनंबर राज्य सरकारच्या महाभूनकाशा साइटवर बघता येतात.

सेंटिनेल उपग्रहाची चित्रं फुकट आणि ताजी असतात खरी, पण त्यात एक ठिपका १० मीटरचा, आणि आपला ग्रामीण रस्ता पावणेचार मीटर डांबराचा, त्यामुळं त्यात रस्ता शोधत बसू नका, पुराचं पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या भागात ऊस वाढलाय हे बघायला वापरा.

आणि डेटा जोडताना गावाच्या नावावर अजिबात भरवसा ठेवू नका. पिंपळगाव, वडगाव, खामगाव एकेका जिल्ह्यात किती आहेत ते मोजून बघा, वर कुणी खुर्द-बुद्रुक लिहिलेलं असतं कुणी नसतं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, त्यावरच जोडा.

जुना गावनकाशा कॉम्प्युटरवर बसवायचा कसा? आमचा प्रत्येक वेळी तिरका बसतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि चूक जवळपास नेहमी एकाच ठिकाणी असते.

गावनकाशा भूमी अभिलेखमधून मिळतो. मूळ कागद कित्येक ठिकाणी कापडावर चिकटवलेला, घड्या पडून पडून घडीवरच्या रेषा झिजलेल्या, आणि कागद वर्षानुवर्षांच्या दमटपणानं एका बाजूला आखडलेला असतो. त्याचा मोबाईलवर तिरका फोटो काढू नका, फ्लॅटबेड किंवा मोठ्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. मग क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये नकाशावरची जागा आणि प्रत्यक्षातली जागा अशा जोड्या द्यायच्या असतात. लोक चार कोपऱ्यांना चार जोड्या देतात आणि सोडतात. तीन जोड्यांवर गणित सुटतं हे खरं, पण कागद आखडलेला असल्यामुळं मधला भाग सरकतो, म्हणून दहा-बारा द्या, गावभर पसरून.

आणि जोड्या कशाच्या द्यायच्या तर हलत नाहीत अशा गोष्टींच्या. सगळ्यात भारी म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तो त्रिसीमेचा दगड, तो सापडला तर अर्धं काम झालं. नंतर जुन्या बांधीव विहिरी. बांधाची वळणं चालतील पण ट्रॅक्टरनं बांध सरकतात, ओढ्याचं पात्र तर अजिबात घेऊ नका कारण ओढा जागा बदलतो. देऊळसुद्धा विचारून घ्या, जीर्णोद्धारात दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं झालेलं असतं.

एकदा मी आणि एक सत्तरीचे आजोबा त्रिसीमेचा दगड शोधायला दोन तास घाणेरीच्या जाळीत फिरलो, शेवटी आजोबांनी काठीनं माती उकरली आणि दगडाचं डोकं वर आलं, चुन्याचा डाग अजून होता त्याच्यावर. तो एक पॉइंट दिल्यावर आख्खा नकाशा असा बसला की शिवेवरची पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी वाट, उपग्रहाच्या चित्रातल्या बाभळीच्या दुहेरी रांगेवर नेमकी आली. त्या रांगांच्या मधे आता कांदा लावलेला होता.

नकाशावर तुटक रेषा आहेत, एक आणि दोन, त्याचा अर्थ काय? रुंदी किती धरायची?

एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता.

हे आकडे विचित्र वाटतात कारण ते साखळीचे आहेत. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. अर्धी साखळी म्हणजे आठ आणे, साडेसोळा फूट. पाव साखळी, चार आणे, सव्वाआठ. आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला १ गुंठा. एकदा हे कळलं की गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलणं सोपं जातं, ते अजून "आठ आण्याची वाट" म्हणतात आणि आपण मीटरमध्ये डोकं खाजवत बसतो.

आता हिशोब करा, साडेसोळा फूट रुंद आणि १ किलोमीटर लांब पाणंद म्हणजे जवळपास ५० गुंठे, सव्वा एकर झाली. दोन्ही बाजूंनी प्रत्येकानं दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, आत घेतलं तर ती कुठं गेली हे कुणालाच कळत नाही, आणि म्हणूनच पाणंद मोकळी करताना इतकी भांडणं होतात, कुणी एकानं सगळी गिळलेली नसते.

विदर्भात काम करत असाल तर गावनकाशासोबत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पण काढा, पांदणीच्या वहिवाटीच्या नोंदी त्यात सापडतात.

मग आमच्या जीआयएस नकाशावरून अतिक्रमण सिद्ध होईल का?

नाही होणार, आणि तसा प्रयत्नही करू नका, गावात कायमचं वैर होईल. मोबाईलच्या जीपीएसला मोकळ्या रानात चार-पाच मीटरची चूक सहज येते, झाडाखाली आणि घाटात त्याहून जास्त, आणि पाणंद आहे पाच मीटरची. म्हणजे रस्त्याच्या रुंदीएवढी तर चूकच आहे.

हद्द ठरवायला सरकारी मोजणी लागते, ती आता रोव्हरनं, म्हणजे उपग्रहावरून जागा घेणाऱ्या अचूक मोजणी यंत्रानं, होते आणि सेंटिमीटरपर्यंत बरोबर येते. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडं अर्ज, आणि असलेली वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६ चं कलम ५. तुमच्या नकाशाचा उपयोग त्याआधी आहे, कुठली पाणंद बंद पडल्यामुळं किती शेतकरी अडकलेत, किती एकराचा माल बाहेर निघत नाही, हे तहसीलदारांना एका नजरेत दिसतं, आणि मी बघितलंय की बऱ्याचदा गावातच समजुतीनं मिटतं जेव्हा सगळ्यांना सगळ्यांचं नुकसान एकाच कागदावर दिसतं. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजनेसाठी, जी नोव्हेंबर २०२१ ला आली, रस्त्यांची यादी करतानाही हाच नकाशा कामाला येतो.

आमची वस्ती कुठल्याच नकाशात नाही. काय करायचं?

आधी ती नकाशात आणायची, बाकी सगळं नंतर.

जनगणना महसुली गावाची होते आणि माणसं राहतात वाड्या, वस्त्या, पाडे, तांडे यांच्यात. गावठाणाला रस्ता आहे म्हणून गाव "जोडलेलं" धरतात, आणि तीन किलोमीटरवरचा धनगरवाडा हिशोबातच नसतो. ग्राम सडक योजनेचा नियम तर गावाचा नाहीच, वस्तीचा आहे. सपाटीला ५०० लोकसंख्या, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागात २५०, नक्षलग्रस्त भागात १००. वस्ती बारमाही रस्त्यापासून किमान ५०० मीटर लांब असेल तर ती न जोडलेली, डोंगरात हे अंतर पायवाटेनं दीड किलोमीटर. आणि हे फार लोकांना माहीत नसतं, की ५०० मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, डोंगरात दीड किलोमीटरच्या आतल्यांची. म्हणजे १२०, ९० आणि ६० चे तीन पाडे सुटेसुटे अपात्र दिसतात, एकत्र धरले की २७० होतात आणि २५० च्या निकषात बसतात. हे जोडून दाखवायचं काम नकाशाच करू शकतो, यादीत ते कधी दिसतच नाही.

वस्त्या शोधायला आशाताईची वही बघा. तिच्याकडं प्रत्येक घर असतं, गरोदर बायका, लहान पोरं, सगळं वस्तीनिहाय. तिच्यासोबत एक दिवस फिरा, प्रत्येक वस्तीच्या मधोमध उभं राहून पॉइंट घ्या, घरं मोजा, आणि नाव वस्तीतल्याच माणसांना विचारा कारण बाहेरच्यांनी दिलेली नावं कधीकधी त्यांना आवडत नाहीत. ऊसतोडीला गेलेल्यांची कुलूपबंद घरंही मोजा, ती माणसं त्याच वस्तीची आहेत, परत येणार आहेत.

रस्त्याभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे पट्टा, काढला आणि बाहेरच्या वस्त्या मोजल्या, एवढं बस ना?

बस नाही हो. बफर म्हणजे पक्षी उडतो ते अंतर.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडं बघा. तापोळा आणि बामणोलीसमोरची पलीकडच्या काठावरची गावं नकाशावर इतकी जवळ दिसतात की बोट ठेवलं तर दोन्ही झाकली जातात, पण मधे पाणी आहे, माणसं लाँचनं जातात, गाड्या तराफ्यावरून जातात, नाहीतर डोंगराला वळसा. तिथं बफर काढणं म्हणजे त्या माणसांना नकाशातून पुसणं आहे. जगभर जो ग्रामीण पोचीचा निर्देशांक वापरतात तोही बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत किती लोक राहतात हेच मोजतो, देशांची तुलना करायला ठीक आहे, तुमच्या तालुक्याचं नियोजन त्याच्यावर करू नका.

त्याऐवजी क्यूजीआयएसमधलं नेटवर्क अ‍ॅनालिसिस वापरा, ते रस्त्याच्या रेषेवरून अंतर मोजतं. पायवाटाही त्यात टाका, त्यांना चालायचा वेग द्या, चढाला कमी द्या.

नेटवर्क अ‍ॅनालिसिस केलं तर डांबरी रस्ता असलेलं गाव पण "पोचता येत नाही" येतंय!

तुमच्या रेषा एकमेकींना टेकलेल्या नाहीत. डोळ्याला टेकलेल्या दिसतात, झूम करा, दोन मीटरची फट दिसेल, आणि कॉम्प्युटरला दोन मीटर काय आणि दोन किलोमीटर काय, तुटलं म्हणजे तुटलं. रेषा काढताना स्नॅपिंग, म्हणजे टोकं आपोआप चिकटवायची सोय, चालू ठेवा, आणि शेवटी अशा फटी शोधणारा टोपॉलॉजी चेकर चालवा.

उलटी चूक जास्त धोक्याची. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, त्याला गावचे रस्ते खालून बोगद्यानं पार होतात, चढायला फक्त इंटरचेंज, आणि ट्रॅक्टर-दुचाकीला तर परवानगीच नाही. पण नकाशावर दोन रेषा एकमेकींना कापतात म्हणून कुणी तिथं नोड, म्हणजे जोडबिंदू, टाकला की सॉफ्टवेअर खुशाल ट्रॅक्टरला समृद्धीवर चढवतं, आणि ज्या शिवाराला प्रत्यक्षात पुढच्या बोगद्यापर्यंत वळसा आहे ते नकाशावर एकदम सोयीचं दिसायला लागतं. जिथं मोठा रस्ता, रेल्वे किंवा कालवा आहे तिथली प्रत्येक फुली हातानं तपासा, कंटाळा आला तरी.

पावसाळ्यात तुटणारा रस्ता नकाशावर कसा दाखवायचा?

माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. आपल्याकडच्या ग्रामीण रस्त्याची खरी अडचण लांबी नसतेच, चार किलोमीटर रस्ता धड असतो आणि बारा मीटरच्या ओढ्यावर तुटतो, फरशीवरून, म्हणजे ओढ्यातल्या बुटक्या पुलावरून, गुडघाभर पाणी वाहायला लागलं की शाळा बंद, दूध बंद, आणि बाळंतीण असेल तर काय होतं ते तुम्हाला माहितीये. यादीत मात्र तो चार किलोमीटर डांबरी, पूर्ण, असाच असतो.

म्हणून दोन थर करा. एक उन्हाळ्यातलं जाळं, एक पावसाळ्यातलं. जिथं जिथं रस्ता ओढा ओलांडतो तिथं पॉइंट टाका, पूल आहे, मोरी आहे, फरशी आहे की काहीच नाही ते लिहा, आणि गावात विचारा की पाणी आलं तर किती तास थांबावं लागतं, वर्षातून किती वेळा. पावसाळ्याच्या थरात असे तुटणारे पॉइंट बंद करा आणि नेटवर्क परत चालवा. अचानक नकाशाचे तुकडे होतात. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्क्रीनकडं बघत बसले, एका तालुक्याचा उन्हाळ्यात एकसंध असलेला नकाशा पावसाळ्यात बेटांसारखा झाला होता, आणि त्यातली निम्मी बेटं तीन-चार मोऱ्यांनी परत जोडली जात होती. नवीन एक किलोमीटरही रस्ता न करता.

मोरी किती मोठी हवी त्याचा अंदाजही घेता येतो. दर ३० मीटरला जमिनीची उंची सांगणारा डेटा फुकट मिळतो, त्यावरून त्या ओढ्याच्या वरचं पाणलोट क्षेत्र काढा. सह्याद्रीच्या बाजूला इंग्लिसचं सूत्र वापरतात, पाणलोटाचे चौरस किलोमीटर गुणिले १२४, भागिले पाणलोट अधिक १०.४ या बेरजेचं वर्गमूळ. दोन चौरस किलोमीटरला सेकंदाला जवळपास ७० घनमीटर पाणी येतं! म्हणजे तिथं दोन पाईप टाकून भागणार नाही, हे शाखा अभियंत्यांशी बोलायच्या आधीच तुम्हाला कळतं. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या सपाट भागात हे सूत्र फार जास्त आकडा देईल, तिथं ते वापरू नका, आणि डिझाइनचा शेवटचा आकडा कुठंही इंजिनियरचाच.

काळ्या मातीतला कच्चा रस्ता तर पावसाळ्याच्या थरातून सरळ काढूनच टाका. ओढा नसला तरी तो रस्ता नाही, चिखल आहे.

दहा रस्ते आहेत, पैसे दोन रस्त्यांचेच. आधी कुठला?

साधा हिशोब म्हणजे त्या रस्त्यानं किती लोकांची किती सोय होते ते मोजायचं आणि लांबीनं भागायचं. लोकसंख्या, शाळा, दवाखाना, बाजार यांना गुण द्या, ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यातही रस्ते साधारण अशाच उपयुक्ततेच्या गुणांवर लावले गेले. पण एकट्या गुणांवर गेलं की एकाकी वस्ती कायम तळाला राहते, दरवर्षी, कारण तिथं माणसं कमी आणि रस्ता लांब. म्हणून आधी प्रत्येक वस्तीला एक बारमाही जोड, आणि ती झाल्यावरच गुणांची शर्यत, असं मी ठामपणे सांगते. यावर माझं अनेकांशी वाजलंय, तरी माझं मत तेच आहे.

उसाचा पट्टा असेल तर गळीत हंगामाचं वजन वेगळं धरा. दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर चार-पाच महिने जातात त्या रस्त्याची जाडी आणि पाड्याकडं जाणाऱ्या रस्त्याची जाडी एक नसते.

डोंगरावरच्या वस्तीला रस्ता कुठून न्यायचा हे जीआयएस सांगेल?

ढोबळ सांगेल. घाटात रस्त्याचा चढ २० ला १ च्या आसपास ठेवतात, म्हणजे १०० मीटर वर चढायला २ किलोमीटर रस्ता. कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, टाकले की सरळ पायवाट ७०० मीटरची असली तरी रस्ता किती लांब होणार हे कळतं. दरड कुठं पडते ते मात्र गावालाच विचारा.

मधे वनजमीन आहे, तिथंच सगळं अडतं.

वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली रस्त्यासारख्या गावच्या सोयीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जाणार नसतील तर. नकाशावर दोन-तीन वेगवेगळ्या आखण्या टाकून प्रत्येकीत वनजमीन किती गुंठे जाते ते मोजा. किंचित वळण घेतलं की १ हेक्टरच्या आत बसतं असं मी दोनदा बघितलंय. फाईल घेऊन जाताना झाडांची मोजणी सोबत न्या.

गुगलच्या सॅटेलाइट चित्रावरून रस्ते ट्रेस करून ओपनस्ट्रीटमॅपला टाकू का?

नको, परवानगी नाही. बिंगचं चित्र चालतं, ओपनस्ट्रीटमॅपच्या एडिटरमध्येच असतं ते. आधी दोन-चार ठिकाणी जीपीएसशी ताडून बघा, चित्र सरकलेलं असू शकतं.

लांबी मोजली तर भलतंच काहीतरी येतंय, ०.०२३ वगैरे.

ते अंश आहेत, मीटर नाहीत. यूटीएम प्रोजेक्शन, म्हणजे मीटरमध्ये मोजणारी नकाशाची पद्धत, घ्या. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये, कोड ३२६४३, आणि ७८ रेखांशाच्या पूर्वेचा, म्हणजे नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली वगैरे, झोन ४४ मध्ये, कोड ३२६४४. यवतमाळवाल्यांनी जपून, तुमच्या जिल्ह्यातूनच ती रेषा जाते. आख्खा जिल्हा एकाच झोनमध्ये करा, अर्धा इकडं अर्धा तिकडं करू नका.

सरकारी नकाशावर आमचा रस्ता झालेला दिसतोय आणि इथं तर मुरूमसुद्धा नाही.

असं होतं, कधी चुकीच्या रेषेला नोंद लागते, कधी एकाच नावाचे दोन रस्ते असतात. रागावून पोस्ट टाकण्याआधी रस्त्याच्या सुरुवातीला, मधे, शेवटी जीपीएस लोकेशनसकट फोटो काढा, तारखेसह. ग्राम सडक योजनेचा रस्ता असेल तर मेरी सडक अ‍ॅपवर तक्रार करा, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य महामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरत राहतो.

हे सगळं ग्रामसभेत कसं मांडायचं? प्रोजेक्टर लावला की निम्मी माणसं उठून जातात.

प्रोजेक्टर लावूच नका. नकाशा मोठ्या फ्लेक्सवाल्याकडून साध्या कागदावर, दाराएवढा, छापून आणा आणि देवळाच्या ओट्यावर जमिनीवर पसरा. भिंतीवर लावला की दोन माणसं पुढं उभी राहतात आणि बाकीच्यांना दिसत नाही, जमिनीवर पसरला की सगळे भोवती बसतात, बायकाही बसतात. ओढे निळे, देवळं, पार, टाकी, शाळा ठळक, गटनंबर बारीक. वर उत्तर असल्याचं कुणाला सांगत बसू नका, नकाशाच खऱ्या दिशेला फिरवून ठेवा, म्हणजे डोंगर डोंगराच्या बाजूला येतो आणि माणसं लगेच बोट ठेवायला लागतात.

आणि कपाळाला लावायच्या टिकल्यांची पाकिटं न्या. लाल टिकली म्हणजे इथं पावसाळ्यात अडकतो, काळी म्हणजे पाणंद बंद आहे, हिरवी म्हणजे इथं वस्ती आहे पण नकाशात नाही. पेन हातात दिला की लिहिता न येणारी माणसं मागं सरतात, टिकली मात्र कुणीही लावतं. पहिली हिरवी टिकली लागायला वेळ लागतो, तेवढं थांबा, मधे बोलू नका. सभा संपली की कागद गुंडाळायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, कारण गुंडाळताना टिकल्या निघतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिरव्या टिकल्यांवर जीपीएस घेऊन चालत जा.